जयगडच्या अंगणात हरवलेला फनम

लोक विचारतात, "रत्नागिरीला जाऊन आलात म्हणे, काय काय पाहिलंत?" मी सांगतो, कोंबड्या पाहिल्या. मग ते हसतात. हसू देत. त्यांना सगळी हकीकत ठाऊक नाही, म्हणून ती इथे लिहितो आहे.

मी बार्शीला घड्याळं दुरुस्त करतो. दुकान वडिलांचं, पण नाण्यांचा नाद माझा स्वतःचा. मी नुकताच दुकानात बसायला लागलो होतो, तेव्हा इजिप्तमध्ये राहून आलेल्या एका लष्करातल्या माणसाने दुरुस्तीच्या घड्याळाबरोबर एक नाणं टेबलावर टाकलं. त्यावर माणसाच्या तोंडाचा सिंह बसला होता. भिंगाखाली धरलं आणि मी गेलोच. तेव्हापासून पत्रं लिहून, अदलाबदल करून, गिऱ्हाइकांच्या खिशांवर नजर ठेवून मी एवढी नाणी जमवली आहेत, की त्यांतले काही देश मला नकाशात अजून सापडलेले नाहीत. सौ. सुमन या संग्रहाला "जगाची चिल्लर" म्हणते.

जयगडचा पत्ता मला एका किल्ल्यांच्या जुडग्यावरून लागला. पोस्टातले मयेकर म्हणून एक गृहस्थ बार्शीला बदलून आले होते. त्यांच्या जुडग्यात पूर्व आफ्रिकेचं भोक असलेलं नाणं होतं. कुठून मिळालं विचारलं, तर म्हणाले, "आमच्या काकांकडे बिस्किटांचा डबा भरून आहेत. तांडेल होते ना ते." तांडेल म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. पुढे ते सहज बोलून गेले, "झांजिबारच्या सुलतानाचा चांदीचा रियालसुद्धा आहे." माझ्या हातातलं घड्याळाचं चाक खाली पडलं, ते शोधायला मला बराच वेळ लागला.

झांजिबारचं ते नाणं मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. काकांना पत्र टाकलं. उत्तर आलं: "विकणार नाही. बदली करीन. कोचीनला एका सोनाराकडे मसुरीच्या डाळीएवढं सोन्याचं नाणं पाहिलं होतं, ते राहून गेलं. असेल तर घेऊन या. मंडळींनाही आणा."

तसं नाणं माझ्याकडे होतं. दक्षिणेतल्या जुन्या राजांचा फनम. डाळीच्या दाण्याएवढं सोनं, एका बाजूला ठिपके, दुसऱ्या बाजूला एक वाकडी रेघ. जाणकार त्या रेघेला प्राणी समजतात. सुमनच्या मते ती मुंगी आहे. माझ्या संग्रहातली ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात लाडकी चीज. चार रात्री विचार केला आणि दिवाळी झाल्यावर निघालो. सुमनला गणपतीपुळ्याचं दर्शन कबूल केलं होतं, म्हणून ती खूश होती.

रत्नागिरी

आंबा घाट उतरताना आमच्या गाडीतल्या निम्म्या लोकांनी खिडकीबाहेर माना काढल्या होत्या. घाटाच्या शोभेसाठी नव्हे. तो भाग सोडून देतो.

रत्नागिरीत पहिली भानगड जेवणाची झाली. आमच्या घरात मांसमच्छी कधीच शिजलेली नाही. स्टँडजवळच्या खानावळीत मी बजावून सांगितलं, "शाकाहारी पाहिजे." मालक मान हलवून गेला आणि दोन ताटं घेऊन आला. वास आला म्हणून विचारलं, तर अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "मासा काढलाय ओ. नुसती कढी हाय." आम्ही भात आणि लोणच्यावर जेवलो. आमच्याकडे भाकरीला भूक म्हणतात, इथे भाताला म्हणतात. भाकरी मागितली तर तीही तांदळाची आली, पांढरीशुभ्र आणि मऊ. सुमन म्हणाली, "आजारी माणसाला द्यायची आहे जणू."

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुमनने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडे पाणी टँकरने येतं, तेही भांडणासकट. ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि म्हणाली, "एवढं पाणी, आणि एकाच्याही कामाचं नाही?" मी म्हणालो, खारट असतं. तिचा विश्वास बसला नाही. ओंजळ भरून घोट घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीठ मीच घातलं होतं.

जयगड

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने जयगडला उतरलो. खाडीच्या तोंडाशी गाव. वर किल्ला, खाली होड्या, तांबड्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि माड. तांडेलकाका स्टँडवर घ्यायला आले होते. सत्तरीचे, पण छाती अजून बोटीच्या शिडासारखी. आवाज असा, की स्टँडवरची कुत्री उठून बसली.

"घड्याळवाले ना? या! चला, द्वारका वाट बघतेय."

द्वारकाकाकी काकांच्या निम्म्या आकाराच्या आणि दुप्पट चपळ. घरासमोर शेणाने सारवलेलं अंगण, त्यावर नवं भात वाळत घातलेलं. भातावर कोंबड्या होत्या आणि काकी हातातल्या काठीने त्यांना हाकलत होत्या. त्या चार पावलं जायच्या आणि परत यायच्या. दोन्ही बाजूंना हे काम रोजचं असावं. त्यांच्यात एक कोंबडा होता, तांबडाभडक, मान सोन्यासारखी, शेपटी हिरवी. त्याला मात्र काकी काठी दाखवत नव्हत्या.

चहा झाला, घावन झाले, आणि काकांनी ओटीवर डबा पालथा केला.

काय सांगू! हॉलंडचं चौकोनी नाणं. इराकची फुलासारख्या कडांची नाणी, त्यांवर अगदी पोरगेल्या राजाचं तोंड. आफ्रिकेची भोकांची, भोकाभोवती हत्तीचे सुळे. काकांना सनावळ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना प्रत्येक नाण्याबरोबर एक बंदर आठवत होतं. "हे बसऱ्याचं. तिथे खजूर घेतला, सुट्टे परत आले. हे मोंबासाचं. तिथे माझा दात काढला." डब्यातली निम्मी नाणी घरात कामाला लागलेली होती. भोकाचं एक नाणं पंपाच्या नळीत वायसर म्हणून बसवलेलं, एक कपाटाच्या पायाखाली. कपाटाखालचं मी वाकून वाचलं तर डेन्मार्कचं निघालं. कपाट उचलायला सांगायचा धीर झाला नाही.

शेवटी त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसून झांजिबारचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. जड, थंड चांदी, वर अरबी अक्षरं. मी भिंग लावलं. अस्सल होतं. माझ्या कानांत माझ्याच दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली.

"आता तुमचं काढा," काका म्हणाले.

मी खिशातून पुडी काढली, पुडीतून कागद, कागदातून कापूस, आणि चिमट्याने फनम उचलून काकांच्या रुंद तळहातावर ठेवला. ते ओटीच्या कडेला उजेडात गेले, हात डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांना हसू आलं.

"आवशीला! हा तर भाताचा दाणा!"

हे हसू साधं नव्हतं. वादळात डोलकाठीवरच्या माणसाला ऐकू जावं असं कमावलेलं हसू होतं. तळहातावरून फनम उडाला. उन्हात एकदा चमकला आणि अंगणात वाळत घातलेल्या भातात जाऊन पडला.

"हलू नका!" मी ओरडलो.

काका हलले नाहीत. काकी हलल्या नाहीत. सुमन एक पाय पायरीवर आणि एक हवेत धरून उभी राहिली. कोंबड्यांना बार्शीची भाषा येत नसावी. त्या धावत आल्या आणि टिपू लागल्या.

"अवो, गिळलं की!" सुमन किंचाळली.

"कुणी?"

"कोंबडीनं!"

"कुठल्या?"

"तांबड्या!"

सगळ्याच तांबड्या होत्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाव सांगून गेली नाही ती."

तरी मी धीर सोडला नाही. कदाचित सुमनला भास झाला असेल, फनम भातातच असेल. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायका सुपं घेऊन आल्या आणि ते सगळं भात मूठ मूठ पाखडून झालं. काय शोधायचंय हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. एकीला वाटलं नथीतला मोती, दुसरीला वाटलं दाताचं सोनं. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पुढचा की मागचा ओ?" भात स्वच्छ झालं. फनम मिळाला नाही.

दुसरा दिवस

सकाळी काकांनी एकेक कोंबडी एकेका टोपलीखाली झाकली आणि मला बसायला पाट दिला. "आता थांबायचं," ते म्हणाले. "आत गेलंय ते कधीतरी बाहेर येणारच." कोंबडा मात्र मोकळाच हिंडत होता. मी विचारलं, तर काकी भांडी घासता घासता म्हणाल्या, "तो नव्हता तिथे. तो गडग्यावर होता." मी विश्वास ठेवला.

मी घड्याळजी माणूस. धुळीचा कण दिसला तर फुंकर मारतो. तो मी त्या दिवशी डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि मांडीवर केळीचं पान घेऊन कोंबड्यांच्या मागे बसलो. काय काय तपासलं ते लिहीत नाही. गावातली माणसं कामाला जाता जाता गडग्याशी थांबत होती. एकाने विचारलं, "जनावरांचे डॉक्टर काय?" काका म्हणाले, "नाय, घड्याळाचे." त्यावर तो गृहस्थ बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि मग निघून गेला.

सुमन म्हणाली, "हे बार्शीत कुणाला सांगू नका." (आता मी छापूनच देतो आहे. तिने परवानगी दिली आहे.)

दुपारी जेवताना काकींनी खरी गोष्ट सांगितली. "ते बाहेर येणार नाय, भाऊ. कोंबडीच्या पोटात खड्यांची पिशवी असते. पोटा म्हणतात. दाणा दळायला ती खडे गिळते आणि ठेवून देते. तुमचं सोनं ती खडा म्हणूनच ठेवणार."

"म्हणजे आत सुरक्षित आहे?"

"सुरक्षित कसलं? जात्यात घातल्यासारखं हाय."

माझ्या हातातली सोलकढीची वाटी तशीच राहिली. कितीतरी राज्यं आली-गेली, त्यातून वाचलेले ठिपके आणि मुंगी, आणि आता ते एका कोंबडीच्या पोटात खड्यांबरोबर दळले जात होते! सोनं मऊ असतं. मी डोळे मिटले की मला दळण ऐकू यायचं.

काकांचा चेहरा पडला होता. "माझ्या हसण्याने गेलं. एक म्हातारी कोंबडी हाय, अंडी देत नाय आता. तिच्यापासून सुरू करू."

काकी ताटं उचलून आत गेल्या. म्हातारी कोंबडी कापली गेली. मी आणि सुमन त्या वेळी समुद्र बघायला गेलो. परत आलो तर काकांनी पोट्यातला ऐवज केळीच्या पानावर मांडून ठेवला होता: खडे, बाटलीची काच, शर्टाचं बटण आणि शाळेतल्या मुलाची पाटीवरची पेन्सिल. फनम नव्हता. त्या रात्री घरात कोंबडी-वड्यांचा घमघमाट होता आणि आम्ही दोघं कुळथाचं पिठलं खात होतो. पिठलं फार चांगलं होतं. माझी चव गेली होती.

दुसऱ्या सकाळी दारात पलीकडचा भिकूदादा उभा. काखेत एक कोंबडी, पिसं झडलेली, एक डोळा मिटलेला.

"ही पण होती त्या दिवशी अंगणात," तो म्हणाला. "माझ्या मनाला खातंय. तुम्ही घ्या हिला, कापून बघा. किमतीचं काय ते आपण बसून ठरवू."

काका ओरडले, "भिकू, ही तुझी कोंबडी गेल्या शिमग्यापासून खुराड्याबाहेर आली नाय! तिला चालता येत नाय!"

"उचलून आणलं होतं," भिकूदादा म्हणाला.

त्याच्यामागे आणखी दोघं आपापल्या कोंबड्या घेऊन आले होते. काकांनी सगळ्यांना हाकलून लावलं, पण जाताना ती मंडळी माझ्याकडे फार आपुलकीने बघत होती.

विहिरीवरची गोष्ट

त्या दिवशी सुमन काकींबरोबर विहिरीवर गेली आणि गप्प होऊन परत आली. माझी बायको गप्प असली की मला घरात घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. रात्रभर तिने काही सांगितलं नाही. सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा माझ्या मागे येऊन म्हणाली, "कोंबड्यानं खाल्लंय."

"काय?"

"फनम. कोंबड्यानं. काकींनी बघितलं होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं त्यांना."

माझ्या हनुवटीला वस्तरा लागला. "आणि आपल्याला त्या म्हातारीला कापायला लावलं?"

"हळू बोला. तो कोंबडा देवाचा आहे."

मग तिने सांगितलं. काका-काकींचा एकुलता एक मुलगा सुरेश. तोही बोटीवर. त्याची बोट आखातात जाते, आणि तिकडे इराण-इराकची लढाई चाललेली. बोटींवर बाँब पडतात हे काकी रोज रेडिओवर ऐकतात. चार महिन्यांत सुरेशचं पत्र नाही. तो सुखरूप आला की हा कोंबडा गावदेवाच्या राखणीला द्यायचा, म्हणजे त्याच्यापुढे बळी द्यायचा, असा नवस काकींनी बोलला होता. पोरगा यायच्या आधी देवाचा कोंबडा कापणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

"काकी रडल्या," सुमन म्हणाली. "म्हणाल्या, पाहुण्याचं सोनं माझ्या दारात गेलं, मला झोप नाही. पण तोंड उघडलं असतं तर ह्यांनी कोंबडा कापला असता. शब्दाचे पक्के आहेत ते."

तसंच झालं. आमचं बोलणं काकांनी ऐकलं असावं. बाहेर येऊन बघतो तर ते कोयता घेऊन अंगणात, आणि काकी कोंबड्याला छातीशी धरून तुळशीपाशी उभ्या. कोंबड्याला दोघांचीही पर्वा नव्हती. तो काकींच्या बांगड्या टोचत होता.

"द्वारके, दे इकडे. पाहुण्याला फसवलंस तू!"

"माझ्या पोराचा हाय हा. मला कापा आधी."

"देवाला दुसरा देऊ. ह्याच्यापेक्षा मोठा देऊ!"

"देवाला हा बोललेय. दुसरा देऊन देव फसतो काय?"

काका माझ्याकडे वळले. तो मोठा माणूस, डोळ्यांत पाणी. "भाऊ, तुम्ही सांगा. तुमची वस्तू हाय. तुम्ही म्हणाल तसं."

खरं सांगतो, माझी नजर कोंबड्याच्या पोटाकडे गेली. तिथे, पिसांच्या आत, एका बोटाच्या अंतरावर माझा फनम होता आणि क्षणाक्षणाला झिजत होता. आता कापला तर ठिपके वाचतील. महिनाभराने कापला तर काय उरेल? मी काकींकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, सुमनकडे बघत होत्या. सुमन माझ्याकडे बघत होती. तिने हा चेहरा केला की बार्शीत मी दुकान बंद करून घरी येतो.

"ठेवा तो कोयता," मी म्हणालो. "सुरेश आल्यावर बघू."

काकांनी कोयता टाकला आणि मला मिठी मारली. माझ्या दोन बरगड्या अजून बोलतात.

त्यांनी तिथल्या तिथे झांजिबारचं नाणं माझ्या खिशात घालायला सुरुवात केली. मी परत दिलं. बदली म्हणजे दोन्ही बाजूंनी, फुकट घेतलं तर बार्शीला तोंड दाखवता येणार नाही. काका म्हणाले, मग ते माझ्या नावाने वेगळं ठेवतो. आणि ठेवलं, वेगळ्या डब्यात. त्या डब्यात काकींची हळद होती.

गणपतीपुळे

परतीच्या वाटेवर पुळ्याचं दर्शन घेतलं. इथे देव समुद्राकडे तोंड करून आहे आणि मागचा डोंगरच देव आहे, म्हणून प्रदक्षिणा सगळ्या डोंगराला. वाळूत पाय रुतवत सुमन पुढे आणि मी मागे. तिने काय मागितलं ते मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं. मी स्वतः सुरेशसाठीच हात जोडले, पण मिटल्या डोळ्यांसमोर दर वेळी कोंबडा यायचा. शेवटी दोघांसाठी एकदम मागून टाकलं, एकाला लवकर घरी आण आणि दुसऱ्याची पचनशक्ती मंद कर.

बार्शीला आल्यावर एक बदल झाला. मी रोज संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या लावायला लागलो. आखात शब्द आला की हातातलं काम थांबायचं. आधी मला वाटायचं, मी फनमासाठी ऐकतो आहे. पण एकदा एका बोटीला आग लागल्याची बातमी आली, नाव सांगितलं नाही, आणि मी रात्रभर जागा राहिलो. फनमाची आठवण मला सकाळी झाली.

पुन्हा जयगड

होळीच्या सुमाराला पोस्टातले मयेकर धावत दुकानात आले. "सुरेश मुंबईत उतरला! काकांनी कळवलंय, राखण तुम्ही आल्याशिवाय द्यायची नाही!"

या खेपेला घाटात मीही खिडकीबाहेर मान काढली. शोभा बघायला.

सुरेश तिशीचा, वडिलांसारखा रुंद, आईसारखा कमी बोलणारा. बोट कुठल्याशा बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडली होती, टपाल जात नव्हतं, एवढंच त्याने सांगितलं. काकी त्याच्या मागे मागे हिंडत होत्या. तो पाणी प्यायला उठला तरी त्या उठायच्या. कोंबडा अंगणात होता. इतके दिवस देवाच्या नावावर खाऊन दुप्पट झाला होता.

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी देवळाबाहेर जमली. गावकराने, म्हणजे देवाशी गावातर्फे बोलणाऱ्या मानकऱ्याने, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, मयेकराचा झील सुरेश दर्यातून सुखरूप आणलास, तशीच त्याची राखण कर रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग काका गावकराच्या कानाला लागले. गावकराने घसा खाकरला. "आणि ह्या बार्शीकर पाव्हण्याचा सोन्याचा जिन्नस तुझ्या कोंबड्याच्या पोटात ऱ्हायलाय, तो जसा होता तसा बाहेर येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. भिकूदादा सगळ्यांत मोठ्याने. माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांनी माझ्यासाठी देवाकडे एकदम मागणं केलेलं नाही.

मी आणि सुमन माडांच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने काकी आल्या. हात धुतलेले, मूठ मिटलेली. त्यांनी माझ्या समोर मूठ उघडली.

तळहातावर सोन्याचा एक कण होता. वाटाणा नव्हे, मसूर नव्हे, मोहरीपेक्षा जरासा मोठा. मी भिंग लावलं. ठिपके गेले होते. मी दुसरी बाजू बघितली. मुंगी गेली होती. कुठल्या बाजूला काय होतं हेही सांगता येईना, कारण बाजूच उरल्या नव्हत्या. उन्हात मात्र तो असा चमकत होता, जसा कुणी नुकताच घासून-पुसून ठेवलाय.

"गेलं?" काकींनी विचारलं.

"गेलं," मी म्हणालो. आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. पलीकडे सुरेश पोरांना काहीतरी सांगत होता आणि पोरं हसत होती.

मी तो कण खिशात टाकायला पुडी काढली, तर काकींनी मूठ मिटली.

"मला द्याल? तुम्हाला आता ह्याचा उपयोग नाय. पोर यायची वाट बघत हा देवाच्या कोंबड्याच्या पोटात ऱ्हायला. सुरेशच्या ताइतात घालीन."

मी काही म्हणायच्या आत काका पुढे झाले. हळदीच्या डब्यातून झांजिबारचं नाणं काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. सुलतानाची अरबी अक्षरं पिवळीधमक झाली होती. "घ्या. आता झाली बदली. तिला सोनं मिळालं, तुम्हाला चांदी. मला काय मिळालं?" आणि ते सुरेशकडे बघून हसले. मी नाणं दोन्ही हातांनी झाकलं.

निघायच्या दिवशी सकाळी अंगणात एक लहानसा पिल्लू-कोंबडा बघितला. तुरा जेमतेम फुटलेला, पायात लाल दोरा. काकी त्याला वेगळ्या वाटीत दाणे घालत होत्या.

"हा नवीन?" सुमनने विचारलं.

"सुरेशला परत बोलावणं आलंय," काकी म्हणाल्या. "पावसाच्या आधी जायचंय. जाऊ नको म्हटलं, ऐकत नाय." त्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "म्हणून हा आणला. लहानपणापासून वाढवला की देवाला जास्त पोचतो."

सुमन खाली बसली आणि तिनेही त्या वाटीत मूठभर दाणे घातले. पिल्लाने सगळे टिपले. सुरेशने आमच्या पिशव्या उचलल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून तो पुढे चालू लागला.